हवेतली चौकट

यंदाच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो होतो. दहा वर्षांच्या भाच्याचा बेसबॉलचा सामना होता, म्हणून तिने मला मैदानावर नेले. मी क्रिकेटवर वाढलेला. इथे पाहतो तो स्टंपच नाहीत! जमिनीत १७ इंच रुंदीची पांढरी रबरी पाटी आणि तिच्यावर हवेत कल्पिलेली एक चौकट. मुलांच्या लिटल लीगमध्ये तिची वरची कड फलंदाजाच्या काखेशी, खालची गुडघ्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे पोरागणिक चौकट निराळी! तिच्यातून चेंडू गेला आणि पोर नुसते पाहत राहिले, तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद. न मारलेले चार चेंडू बाहेरून गेले, की फलंदाज फुकटात पहिल्या तळावर.

भाच्याचा शेवटचा चेंडू पाटीच्या चांगला दोन-तीन बोटे बाहेरून गेला. पंचाने हात वर केला. पोराचे ओठ थरथरले, आणि बहीण खुर्चीवरून उठलीच.

सामना संपल्यावर मी पंचांना गाठले. गृहस्थ वयस्क, हौसेने पंचगिरी करणारे. ते हसून म्हणाले, "या वयाची मुले ४६ फुटांवरून फेकतात. मी पुस्तकाला चिकटलो, तर एकामागून एक सगळे फुकटात तळावर जातील. बाकीची पोरे गवत उपटत बसतील, आणि सहा डाव अंधारापूर्वी संपायचे नाहीत. म्हणून बाहेरच्या बाजूला चेंडूभर जागा मी वाढवून देतो. पण दोन्ही संघांना सारखीच, आणि आधी सांगून."

मला पटले, मीही उत्तरपत्रिकांत दोन-चार गुणांची कृपा करतोच की! पण माझ्या कृपेने दुसऱ्या कुणाचे गुण कमी होत नाहीत. इथे फेकणाऱ्यावरची दया फलंदाजाच्या खिशातून जाते. मोठ्यांच्या मेजर लीगमध्ये २०२६ च्या हंगामापासून अशा निर्णयावर कॅमेऱ्यांकडे दाद मागता येते. दहा वर्षांच्या पोराने दाद मागायची ती आईकडे!

परतताना मोटारीत भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, तो बाहेर होता ना?"

"होता."

"मग पुढच्या वेळी मारू की सोडू?"

वर्गात मला सहसा उत्तर अडत नाही. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.