खेळाची पेटी घरीं करावी काय?

पडद्यावरील खेळ म्हणजे अभ्यासाचा शत्रु, असें पुष्कळ पालक मानतात. परंतु पाल्य तसल्या खेळांची पेटी स्वहस्तें करूं म्हणेल, तर त्यास आडकाठी करूं नये, असें आमचें मत आहे.

अमेरिका व जपान येथील खेळघरांत प्रत्येक खेळाचें साधन निराळें असे. १९७२ सालच्या ‘पाँग’ला फिरवावयाच्या कळा, १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला चार दिशांचा दांडा, तर त्याच सालच्या ‘मिसाइल कमांड’ला फिरता गोळा, १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला दांडा व सहा बटणें. पेटींत संगणक ठेवून हे सारे खेळ एकत्र आणावयाचे, तर एक फळी पुरत नाहीं. काढतां-घालतां येतील अशा निरनिराळ्या फळ्या कराव्या लागतात. माप सूतभर चुकलें कीं फळी खांचेंत बसत नाहीं. तार चुकली कीं बटण मुकें होतें. येथें घोकंपट्टीचा उपयोग नाहीं, आणि सबबीचाही नाहीं. चूक शोधून स्वतःच सुधारावी लागते.

ही शिस्त विकतच्या खेळण्यांत कोठून मिळणार? पालकांनीं खेळण्याच्या वेळेस मर्यादा अवश्य घालावी. घडविण्याच्या हौसेस मात्र घालूं नये.