प्राध्यापकांच्या तयारीचे चुकीचे मोजमाप

कोलकात्याच्या पूर्वेला वसवलेल्या न्यू टाउनमध्ये आलिया विद्यापीठ, सेंट झेवियर्स विद्यापीठ आणि प्रेसिडेन्सीचे दुसरे संकुल माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेजारी उभी आहेत. अशा ठिकाणीही ब्लेंडेड लर्निंग, म्हणजे वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घालणारे अध्यापन, रखडले, तर बोट लगेच प्राध्यापकांकडे जाते. ते म्हणे तंत्रज्ञानाला बिचकतात. हे निदान मला साफ चुकीचे वाटते. मार्च 2020 मध्ये वर्ग बंद झाले आणि देशभरच्या प्राध्यापकांनी काही आठवड्यांत झूम, गूगल मीटवर तास सुरू केले. यंत्राच्या भीतीनेच गाडी अडायची असती, तर ती तेव्हाच अडली असती.

ते तास नीरस होते, असा आक्षेप येईल. तो खराच आहे, कारण तेव्हा फळ्यावरचे व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर गेले. शिक्षण-संशोधक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्येच मांडले होते की विषय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान यांची जाण शिक्षकात एकजीव व्हावी लागते. भौतिकशास्त्रातला गाउसचा नियम घ्या. वीस मिनिटांची चित्रफीत करायची, तिच्यामागे चार प्रश्न घालायचे, वर्गाआधी उत्तरे वाचायची. बंद पृष्ठभागाबाहेरचा प्रभारही एकूण फ्लक्समध्ये धरणारे किती निघाले ते पाहायचे आणि वर्गात नियम पुन्हा न सांगता नेमकी तीच गाठ सोडवायची. एका तासामागे हे एवढे काम आहे, आणि सॉफ्टवेअर येते म्हणून ते आपोआप होत नाही.

मग हे करायचे कधी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. 2021 मध्ये आयोगानेच 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन शिकवण्याचा मसुदा मांडला. ई-साहित्याला पदोन्नतीत गुण मिळतात खरे, पण महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना पदोन्नतीच नाही. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे. फीत करण्यात गेलेली रात्र कुठल्याच बिलात बसत नाही. प्राध्यापकांसाठी मालवीय मिशनसारखी प्रशिक्षणे आहेत, असे उत्तर मिळते. ती हवीतच, पण शिकलेले वापरायला आठवड्यात जागाच नसेल तर प्रमाणपत्र फाइलीत पडून राहते.

विद्यार्थ्यांकडेच साधने नाहीत, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम 4.4 टक्के घरांत संगणक होता. 20 मे 2020 च्या अम्फान वादळाने तर कोलकाता शहरातल्याही अनेक वस्त्या कित्येक दिवस अंधारात ठेवल्या. म्हणूनच साध्या मोबाइलवर उतरेल अशी लहान फीत, सोबत छापील टिपण आणि चुकलेल्यांसाठी वर्गात राखलेला वेळ लागतो. आणि याने शिक्षकाचे काम आणखी वाढते. तेव्हा विद्यापीठांनी प्राध्यापकांकडून तयारीच्या प्रश्नावल्या भरून घेण्याआधी वेळापत्रक उघडावे, ब्लेंडेड अभ्यासक्रम रचणाऱ्याचे आठवड्याचे दोन तास कमी करावेत आणि कंत्राटी शिक्षकाला त्या कामाचे वेगळे मानधन द्यावे.