सीमा पुसल्या म्हणे!

इंटरनेटनें देशादेशांतील सीमा पुसून टाकल्या, हें वाक्य अलीकडे इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, उच्चारणाऱ्यास त्याचा अर्थ विचारणेंहि असभ्यपणाचें वाटावें. तो असभ्यपणा आज आम्ही पत्करीत आहों.

१९९६ च्या फेब्रुवारींत जॉन पेरी बार्लो यांनीं दाव्होस येथून 'सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा' काढला आणि या नव्या प्रदेशांत तुमची सत्ता चालणार नाहीं, असें जगांतील सरकारांना बजावलें. सरकारांनीं तो ऐकला नाहीं. २०११ च्या जानेवारींत इजिप्तच्या सरकारनें जवळजवळ साऱ्या देशाचें इंटरनेट बंद केलें; २०१७ पासून २०२० पर्यंत तुर्कस्तानांत विकिपीडिया बंद होता; आमच्याच देशांत २०१९ च्या ऑगस्टपासून जम्मू-काश्मीरची जनता कित्येक महिने इंटरनेटला मुकली. सीमा पुसल्या असत्या तर हें घडतें ना! इंटरनेट आकाशांत तरंगत नाहीं. समुद्राच्या तळाशीं पसरलेल्या केबलींतून तें येतें, मुंबईसारख्या ठिकाणीं किनाऱ्याला लागतें. आणि जेथें किनारा, तेथें राजसत्ता आलीच.

सरकारांहून अधिक सोशिकपणें आपण मालकांची सत्ता सोसतों. ऑर्कुटवर हजारों भारतीयांनीं आपले अड्डे थाटले होते. २०१४ च्या सप्टेंबरांत मालक कंपनीनें तें बंद केलें, आणि सारे अड्डे उठले. पाहुण्यास यजमानाच्या घरांत मत नसतें, इतकाच त्याचा अर्थ.

मग हा सारा भ्रमच, असें म्हणून हात झटकणारा पक्ष आम्हांस तितकाच आळशी वाटतो. १९९३ च्या एप्रिलांत जिनेव्हाजवळील सर्न या संस्थेनें वर्ल्ड वाइड वेबचें तंत्र कोणताहि मोबदला न मागतां सर्वांस खुलें केलें. पुढें २००१ सालीं विकिपीडिया व २००३ सालीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. तेथें साताऱ्याच्या शिक्षकानें लिहिलेली ओळ न्यू जर्सींतील एखादी मराठी गृहिणी दुरुस्त करूं शकते. त्यासाठीं कोणी तिचें पारपत्र तपासीत नाहीं. आधार मात्र मागतात. मतभेद झाल्यास तो चर्चापानावर सर्वांसमक्ष मांडतां येतो, आणि कोणीं काय बदललें याची नोंद मागें राहते. हा सामाईक चौक खरा आहे; तो राखणारीं माणसें आहेत म्हणून खरा आहे.

आमच्या सुशिक्षित वर्गाशीं आमचा वाद येथेंच आहे. दुबईचे काका, बोस्टनची लेक आणि कोथरूडची आजी रोज एका गटांत सुप्रभात म्हणतात, एवढ्यावर आम्ही विश्वनागरिक झाल्याचें समाधान मानतों. तो जिव्हाळा आहे आणि तो आम्हांसहि प्रिय आहे. पण सार्वजनिक चौक त्यानें उभा राहत नाहीं. आपल्या गांवाविषयीं चार साधार ओळी लिहिणें, दुसऱ्याची चूक सभ्यपणें सुधारणें, आणि परक्या प्रांतांतील इंटरनेट बंद पडलें तरी सरकारला जाब विचारणें, हीं कामें त्यास लागतात. सीमा पुसल्याचा जयघोष करणाऱ्यांनीं यांतलें आपण कोणतें केलें, तें एकदां सांगावें.