हक्काला मुदत कशाची?

फाल्गुन सरत आला की महाराष्ट्रातील गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत धावपळ सुरू होते. शिक्षक घरोघर जातात, सहाव्या वर्षात पदार्पण करणाऱ्या मुलांच्या याद्या करतात आणि पाडव्याच्या मुहूर्तावर नाव नोंदवा म्हणून पालकांची मनधरणी करतात. शहरातील झोपडवस्तीत मात्र नेमके उलटे दृश्य दिसते. तेथे पालकच एका हातात शिधापत्रिका आणि दुसऱ्या हातात मुलाचा जन्मदाखला घेऊन सेतू केंद्रापुढे उभे असतात; कारण खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांच्या अर्जाची मुदत संपत आलेली असते. एकीकडे शाळा मुलाच्या मागे धावते, दुसरीकडे मूल शाळेच्या मागे. दोन्हीकडे कायदा एकच लागू आहे: बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा, १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला २००९ चा कायदा.

हा कायदा मुदतीविषयी काय म्हणतो, हे फार थोड्या पालकांना, आणि खरे तर फार थोड्या कार्यकर्त्यांनाही, ठाऊक आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे प्रवेश सत्राच्या आरंभी किंवा वाढवून दिलेल्या काळात व्हावेत. मात्र तो काळ उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. चौदावे कलम सांगते की वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येणार नाही. दुसऱ्या शाळेतून दाखला येण्यास उशीर झाला, तर तेही प्रवेश अडविण्यास कारण होऊ शकत नाही. नवव्या कलमाने तर स्थानिक स्वराज्य संस्थेवर आपल्या हद्दीतील चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे कर्तव्य टाकले आहे. म्हणजे संसदेने हक्काची कल्पना करताना मुदतीचे बंधन मुलावर नव्हे, तर शासनावर घातले होते. मूल केव्हाही आले तरी ते वेळेवरच आले, असा त्या कायद्याचा भाव आहे.

याच कायद्याच्या बाराव्या कलमातील पंचवीस टक्क्यांच्या तरतुदीकडे वळले की मात्र वातावरण पालटते. तेथे तारीख आहे, वार आहे, सोडत आहे, प्रतीक्षायादी आहे, कागदपत्रांची पडताळणी आहे आणि या प्रत्येक पायरीला स्वतंत्र मुदत आहे. शिवाय ही प्रक्रिया कोणत्या महिन्यात सुरू होईल हेही निश्चित नसते. २०२३ साली अर्ज मार्चमध्ये भरले गेले, २०२४ साली एप्रिल आणि पुन्हा मे महिन्यात, २०२५ साली चक्क जानेवारीत. ज्या घरी वर्तमानपत्र येते आणि ज्या घरातील कोणी कचेरीत काम करते, त्या घराला ही बातमी लागते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती लागते तेव्हा बहुधा मुदतवाढीचाही अखेरचा दिवस उजाडलेला असतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही दिसणार नाही. वस्तू थोडी आणि मागणारे फार असले, की वाटप किमतीने होते किंवा रांगेने होते. येथे शुल्क शून्य आहे, म्हणून किंमतही शून्य आहे असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. किंमत आहे, ती रुपयांत नव्हे, वेळेत मोजावी लागते. दुर्बल आर्थिक गटातून अर्ज करणाऱ्याला वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला हवा. राहण्याचा पुरावा हवा. भाड्याच्या खोलीत राहत असल्यास भाडेकरार नोंदणीकृत हवा. आता झोपडवस्तीतील कोणता घरमालक आपल्या आठ बाय दहाच्या खोलीचा करार निबंधकाकडे नोंदवून देतो? तो करार झाला तर त्याच्या मालकीचाच प्रश्न उपस्थित व्हायचा! तेव्हा पालकाने एक दिवस तलाठ्याच्या कचेरीत, एक दिवस सेतू केंद्रात आणि एक दिवस घरमालकाच्या विनवण्यांत घालवायचा. मासिक पगारदाराला यासाठी किरकोळ रजा मिळते. रोजावर काम करणाऱ्याचा तेवढ्या दिवसांचा रोज बुडतो, आणि नाक्यावरच्या मजुराची त्या दिवसाची जागा दुसरा घेतो. ज्याचे उत्पन्न अधिक तुटपुंजे, त्याला हा मोफत अर्ज अधिक महाग पडतो. कररचनेत असा प्रकार घडला असता तर त्याला प्रतिगामी कर म्हटले गेले असते. शाळाप्रवेशात घडतो म्हणून त्याला कार्यपद्धती म्हणतात.

मुदतीचा आणखी एक गुण असा की ती निःपक्षपाती दिसते. जातीवरून कोणाला वगळले तर आरडाओरड होते, धर्मावरून वगळले तर न्यायालय आहे. परंतु तारीख चुकली म्हणून वगळले गेलेला माणूस स्वतःलाच दोष देत घरी जातो. २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे एक लाख नऊ हजार जागा होत्या आणि तीन लाखांहून अधिक अर्ज आले. तीनांपैकी दोघांना सोडतीने वगळले, हे उघड दिसते. अर्जापर्यंत जे पोहोचलेच नाहीत त्यांची गणती कोणत्याही तक्त्यात नाही.

येथवरचे विवेचन कोणाही समाजवादी कार्यकर्त्याला पटेल. अडचण पुढे आहे, आणि ती टाळून जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या पंचवीस टक्क्यांसाठी समाजवाद्यांनी झगडावे की नाही?

प्रश्न केवळ तात्त्विक नाही, हे २०२४ च्या घटनांनी दाखवून दिले. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य शासनाने अधिसूचना काढली की, ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्के जागा देण्याचे बंधन राहणार नाही. शासनाचा युक्तिवाद वरवर पाहता अगदी समाजवादी थाटाचा होता. शेजारी सरकारी शाळा असताना सरकारी पैसा खाजगी शाळेला का द्यावा? सार्वजनिक शाळाच बळकट का करू नये? पक्षाच्या बैठकांतही हा प्रश्न अनेकदा विचारला गेला असेल. पालकांनी मात्र त्याला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. नव्या नियमाप्रमाणे अर्ज मागविले, तेव्हा पालकांचा प्रतिसाद अगदीच थंड होता. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली आणि जुन्या नियमाने अर्ज घेण्यास सुरुवात होताच दोन लाखांहून अधिक अर्ज आले. १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय व न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती अधिसूचना रद्द ठरविली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. सोडत जूनमध्येच झाली होती, पण तिचा निकाल जुलैपर्यंत अडकून राहिला. शाळा जूनच्या मध्यास उघडल्या होत्या. म्हणजे इतर मुले कविता पाठ करू लागली, तरी ही मुले आपले नाव यादीत आहे की नाही याची वाट पाहत होती. शासनाने स्वतः मुदत चुकविली तेव्हा दंड भरला तो पुन्हा मुलांनीच.

त्या अधिसूचनेत खोट कोठे होती? खोट अशी होती की, शेजारशाळेचे तत्त्व त्यात फक्त गरिबाला लावले होते. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात समान शाळापद्धतीचा पुरस्कार केला, तेव्हा अभिप्रेत असे होते की एका वस्तीतील सर्व मुले, मग ती मामलेदाराची असोत की हमालाची, एकाच शाळेत बसतील. मामलेदाराची मुले असल्यावर त्या शाळेचे गळके छप्पर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तसे राहत नाही, हा त्यातला व्यवहार होता. अधिसूचनेने मामलेदाराच्या मुलाला पाहिजे तेथे जाण्याची मोकळीक ठेवली आणि हमालाच्या मुलाला तेवढे सांगितले की, तुझी शाळा एक किलोमीटरच्या आत आहे. याला समान शाळा म्हणत नाहीत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी शाळांतच घालावीत, अशी व्यवस्था करण्यास सांगितले होते. तो आदेश कागदावर राहिला. कोणत्या दिशेचा आदेश अंमलात येतो आणि कोणत्या दिशेचा कागदावर राहतो, हे पाहिले म्हणजे वर्गीय सत्तेवर निराळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

तरीही पंचवीस टक्क्यांवर समाधान मानणे चूक होईल. ती तरतूद आठवीपर्यंतच आहे. नववीत पाऊल टाकताना तेच मूल, त्याच बाकावर, एकाएकी पूर्ण शुल्काचे देणेकरी होते, आणि पालकासमोर कर्ज किंवा शाळाबदल एवढेच पर्याय उरतात. शासनाने प्रतिपूर्ती म्हणून खाजगी शाळांना प्रतिविद्यार्थी वर्षाला १७,६७० रुपये ठरविले, तेही वेळेवर दिले नाहीत. ही थकबाकी शाळाचालकांना मुलांशी दुजाभाव करण्यास आयते निमित्त पुरविते. अल्पसंख्य संस्थांच्या शाळा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या बंधनातून मुक्त झाल्याच आहेत. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की, खेड्यापाड्यांत, जेथे जवळपास खाजगी शाळाच नाही, तेथे या तरतुदीचा उपयोग शून्य.

त्या खेड्यांतील मुलांच्या डोक्यावर दुसरीच एक तारीख टांगलेली असते: ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची संख्या, ठरते. आणि अलीकडे ज्याचे आधार वैध ठरले तेच मूल या हिशेबात धरले जाते. बोटांचे ठसे यंत्राला पटले नाहीत किंवा नावातील एक वेलांटी चुकली, तर वर्गात बसलेले मूल कागदावर नाही, आणि मूल नाही म्हणून शिक्षकही नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात व चैत्राच्या आगेमागे परततात. हंगामी वसतिगृहांची सोय कागदोपत्री असली तरी अनेक मुले आईबापांबरोबर फडावर जातात. ती परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. राज्यात २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळा होत्या. २०२३ साली त्यांच्या जागी समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा पट का घसरला हा प्रश्न बाजूलाच राहिला. शिक्षक काढून घ्यायचा, शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढून घेतो, मूल नाही म्हणून शाळा काढून घ्यायची. या चक्राला आर्थिक काटकसर असे नाव आहे.

पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण पूर्वीही पुष्कळसे असेच होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी, शेतकऱ्याच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार मांडली आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी विधेयक आणले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पण १९१७ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड कठोर होता, पण त्यात एक गोष्ट गृहीत होती: मूल कोठे आहे हे शोधण्याचे काम दरबाराचे. आज शंभराहून अधिक वर्षांनी शाळा कोठे आहे, अर्ज कोठे आहे आणि शेवटची तारीख कोणती, हे शोधण्याचे काम मुलाच्या आईचे झाले आहे.

म्हणून पक्षाच्या शाखांपुढील काम दुहेरी आहे, आणि एकाची सबब सांगून दुसरे टाळता येणार नाही. समान शाळेची मागणी सभेत करायची आणि वस्तीतील बाई अर्ज घेऊन आली की तिला ‘ही तरतूद भांडवली तडजोड आहे’ असे सांगून परत पाठवायचे, हा पंडिती निर्दयपणा झाला. उलट, केवळ अर्ज भरून देणारी शाखा म्हणजे आणखी एक सेतू केंद्र. वस्तीतील पाच-सहा वर्षांच्या मुलांची यादी दिवाळीनंतरच करावी. उत्पन्नाचे व जातीचे दाखले अर्ज निघण्याची वाट न पाहता आधीच काढून घ्यावेत. वंचित गटातील, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त व इतर मागास वर्गांतील मुलांना उत्पन्नाची अट नाही, हे प्रत्येक घरी सांगावे, कारण त्या एका गैरसमजापायी कित्येक पालक कचेरीच्या पायऱ्या झिजवतात किंवा मुळी अर्जच करीत नाहीत. आणि ज्यांचा क्रमांक सोडतीत लागला नाही, त्यांच्याकडे पाठ फिरवू नये. ती दोन-तृतीयांश मुले जूनमध्ये जेथे जातील, त्या महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिचे पाऊणशे टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावे लागतात. बहुतेक ठिकाणी ही समिती मुख्याध्यापकाच्या टेबलावर सह्यांपुरती भरते. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात तिची सभा मागावी, शिक्षकांची मंजूर पदे किती व भरलेली किती हे लेखी विचारावे, आणि ज्या मुलांचे आधार अडले आहे त्यांची नावे ३० सप्टेंबरपूर्वी गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पोचवून त्याची पोच घ्यावी.