तेरा गोल खाणारी टीम

मागच्या पालक सभेत एका पालकांनी आम्हांला सरळच विचारले की, आपली फुटबॉलची टीम दरवर्षी आंतरशालेय स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून येते, तर तिला पाठवता कशाला? तेवढे दिवस मुले अभ्यास तरी करतील. सभेत वेळ कमी होता, म्हणून "विचार करू" असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. पण प्रश्न मनातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच. (आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले. मध्येच कुठे हिंदी डोकावली तर मराठीच्या बाईंनी लाल पेन जरा बाजूला ठेवावे.)

चारी बाजूंनी इटलीने वेढलेला सान मारिनो नावाचा एक देश आहे. क्षेत्रफळ ६१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या जेमतेम ३४ हजार. आपल्या इंदूरचे दोन वॉर्ड मिळून याहून जास्त माणसे भरतील. हा देश १९८८ मध्ये फीफाचा सदस्य झाला आणि तेव्हापासून युरोपातल्या मोठमोठ्या संघांकडून हरतो आहे. हरणे तरी कसे? सप्टेंबर २००६ मध्ये जर्मनीने त्यांच्याच मैदानावर येऊन त्यांना १३-० ने हरवले. खेळाडू बहुतेक हौशी. कोणी नोकरी करतो, कोणी शिकतो, आणि त्यातून वेळ काढून सराव करतो.

पण याच संघाची एक गोष्ट इंग्लंडमध्ये अजून कोणी विसरलेले नाही. १७ नोव्हेंबर १९९३, विश्वचषकाची पात्रता फेरी. इंग्लंडला मोठ्या फरकाने जिंकायचे होते. खेळ सुरू झाला, इंग्लंडच्या खेळाडूने आपल्या गोलकीपरकडे ढिला पास दिला आणि दाविदे ग्वाल्तिएरीने मध्येच धावत जाऊन गोल केला. वेळ ८.३ सेकंद! पुढे इंग्लंड ७-१ ने जिंकले, पण विश्वचषकाला काही पोचले नाही. विश्वचषक पात्रता फेरीतला सर्वांत जलद गोल म्हणून तो विक्रम २०१६ पर्यंत टिकला. गोल करणारा हा गृहस्थ कॉम्प्युटर विकण्याचे काम करीत असे.

त्याच २०१६ च्या नोव्हेंबरात जर्मनीने त्यांना ८-० ने हरवले. त्यानंतर थॉमस म्युलर हा नामवंत खेळाडू म्हणाला की अशा सामन्यांचा व्यावसायिक फुटबॉलशी काही संबंध नाही. सान मारिनोच्या अलान गास्पेरोनी यांनी त्याला दहा मुद्द्यांचे उत्तर दिले. त्यातला एक मुद्दा आम्हांला फार पटला. फुटबॉल हा नामवंतांच्या मालकीचा नाही, ज्यांना तो आवडतो त्या सगळ्यांचा आहे, असा त्याचा आशय होता.

तरीही म्युलर अगदीच चुकीचे बोलला असे आम्ही म्हणणार नाही. दरवेळी आठ-दहा गोल खाऊन मुले काय शिकणार? हा पालकांचाही प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. युरोपात यावर उपाय निघाला. २०१८ पासून 'नेशन्स लीग' सुरू झाली, तीत बरोबरीचे संघ बरोबरीच्यांशी खेळतात. सान मारिनोने एप्रिल २००४ मध्ये लिख्टेनश्टाइनला १-० ने हरवले होते. त्यानंतर तब्बल १४० सामने विजय नाही. ५ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लिख्टेनश्टाइनच समोर होते, आणि १९ वर्षांच्या निको सेन्सोलीने गोल केला. २००४ च्या विजयाच्या वेळी तो जन्मलासुद्धा नव्हता! नोव्हेंबरात लिख्टेनश्टाइनच्या घरी जाऊन ३-१ ने जिंकले, गटात पहिले आले, वरच्या श्रेणीत गेले.

मग सगळे बदलले का? नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिएन्नात ऑस्ट्रियाने त्यांना १०-० ने हरवले. पण मोठ्यांसमोर उभे राहायचे त्यांनी सोडले नाही, ते सोडले असते तर २०२४ ची टीम तयारच झाली नसती. निदान आमचे मत तसे आहे.

म्हणून आम्ही या वर्षीही आंतरशालेय स्पर्धेचा फॉर्म भरला आहे. त्याबरोबर आपल्याच तोलामोलाच्या दोन-तीन शाळांशी बोलणे चालू आहे, दिवाळीनंतर शनिवारी त्यांच्याशी मॅच ठेवू. पेपर असलेल्या आठवड्यात सराव होणार नाही, एवढी पालकांची सूचना आम्ही मान्य केली आहे. आणि ज्यांच्या मुलांना फुटबॉलचे बूट लहान पडू लागले असतील त्यांनी ते टाकून न देता धुऊन कार्यालयात आणून द्यावेत. सहावीतली चार मुले कॅनव्हासच्या बुटांवर खेळत आहेत.