जमीन आपली, पण पीक कुणाच्या मर्जीचे?

कोल्हापूर जिल्ह्यातील सभासद शेतकरी बंधू-भगिनींना जाहीर आवाहन

परदेशी कंपनी आली की जमीन जाणार, अशी भीती गावोगाव घातली जाते. ही भीती चुकीच्या जागी आहे. आपल्या देशात परदेशी कंपनीला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्याने इथल्या बिगरशेतकऱ्यालाही ती सहजी मिळत नाही. सातबारा आपल्याच नावावर राहील. त्या सातबाऱ्यावर काय पिकवायचे, कुणाला घालायचे आणि बिल कधी मिळायचे, हे मात्र सिंगापुरात ठरू लागले आहे. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्रक.

नावे घेऊनच बोलू. चंदगड तालुक्यातला राजगोळी खुर्दचा साखर कारखाना सिंगापूरच्या ओलम कंपनीने घेतला. इचलकरंजीजवळ गंगानगरला, घटना समितीवर बसलेल्या देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभारांनी शेतकऱ्यांचे शेअर गोळा करून पंचगंगा कारखाना उभा केला. तो पुढे श्री रेणुका शुगर्सकडे भाडेपट्ट्याने गेला. रेणुका म्हणजे बेळगावची कंपनी, शेजारची. पण 2014 मध्ये सिंगापूरच्या विल्मरने तिच्यात पैसा घातला आणि 2018 मध्ये ती विल्मरच्या ताब्यात गेली. रेणुकाचा मालक बदलायला पंचगंगेच्या एकाही सभासदाचे मत लागत नव्हते. ज्यांच्या शेअरवर चिमणी उभी राहिली, त्यांना नवा मालक पेपरातून कळावा, ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही.

हीच विल्मर पामतेलाच्या व्यापारातली जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. 1999 मध्ये अदानींसोबत तिने जी कंपनी काढली, तिचे फॉर्च्यून तेल आज खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळते. म्हणजे उसाच्या पट्ट्यातही विल्मर आणि कढईतही विल्मर. एकेकाळी आपल्या माळावर भुईमूग होता, गावात घाणा होता, पेंड जनावराला होती. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलापुढे घाणा टिकला नाही. आता देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त बाहेरून येते. 2022 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात अचानक थांबवली. बंदी महिनाभरही टिकली नाही, पण झळ इथल्या स्वयंपाकघराला बसली. अन्नाची सुरक्षा धोक्यात येते ती अशी. गोदामात गहू-तांदूळ भरलेला असतो आणि फोडणीचे तेल जकार्तातल्या सरकारच्या हुकमावर अवलंबून असते.

खरे सांगायचे तर ऊस परदेशी कंपनीने आणलेला नाही. तो आपण लावला, आणि अनेक सहकारी कारखान्यांवरचा कर्जाचा डोंगर आपल्याच संचालकांनी, आपल्याच डोळ्यांदेखत वाढवला. गटऑफिसात उसाची नोंद केली की बेणे मिळते, खत उधारीवर मिळते, सोसायटीचे कर्ज मिळते. तूर किंवा भुईमूग लावणाऱ्याच्या बांधावर कोण येतो? सहकारातही हे चुकलेच होते. पण सहकारात सभासदाला सभेत उभे राहून ते बदलता येते. मालक परदेशी कंपनी असली की आपण फक्त ऊस घालणारे उरतो. तिला आपली ज्वारी, आपले कडधान्य, आपले पाणी यांचे काय? तिला गाळप पूर्ण हवे.

सौदी अरेबिया बघा. पाणी आटले म्हणून त्या देशाने 2008 पासून गव्हाची सरकारी खरेदी कमी करत आणली आणि परदेशातल्या शेतीत पैसा घालायला सालिक ही सरकारी कंपनी काढली. याच सालिकने 2022 मध्ये ओलमच्या शेतमालाच्या व्यवसायात एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा घेतला. ते आपल्या लोकांच्या भाकरीची तजवीज करतात, त्यांना दोष कशाला द्यायचा? आपल्या लोकांच्या भाकरीची तजवीज करणारे इथे कोण, हा आमचा सवाल आहे. आणि आपणही फार सोवळे नाही. बेंगळुरूच्या करुतुरी कंपनीने इथिओपियात गांबेला भागात लाखभर हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तीही परदेशी धान्यमदतीवर जगणाऱ्या देशात. बरीचशी जमीन पडूनच राहिली आणि शेवटी तिथल्या सरकारने करार मोडला.

आपल्या भाकरीची तजवीज आपणच करायची असते, हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, बाजारावर सोडून दिले नाही. आजही गोकुळचे दूध बिल दर दहा दिवसांनी होते, कारण संघ दूध घालणाऱ्यांचा आहे. नगर जिल्ह्यातल्या प्रभात डेअरीचा दूधधंदा 2019 मध्ये फ्रान्सच्या लॅक्टॅलिसकडे गेला. तिथल्या दूधवाल्याने दराचे गाऱ्हाणे कुणाच्या दारात मांडायचे?

परदेशी पैसा नकोच, असे आम्ही म्हणत नाही. अटी आपल्या हव्यात. भाडेपट्टा घेतलेल्या कंपनीचा मालक बदलला, तर सभासदांच्या सभेची पुन्हा मंजुरी लागेल, असे कलम प्रत्येक करारात पाहिजे. एफआरपी 14 दिवसांत आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज हा कायदा आहेच. व्याज कंपनीने न मागता जमा करावे. आणि भुईमूग, तूर, ज्वारी यांची हमीभावाने खरेदी तालुक्याच्या ठिकाणी झाली पाहिजे. नुसता हमीभाव जाहीर करून ऊस सोडायला कुणी तयार होणार नाही.

वार्षिक सभेच्या नोटिशीत भाडेपट्ट्याचा विषय असेल, तर कराराची मराठी प्रत आधी मागून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून ती पहिल्या पानापासून वाचून घ्या. सभेला स्वतः या, प्रश्न विचारा, उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. करार वाचून दाखवल्याशिवाय ‘मंजूर, मंजूर’ म्हणू नका.

आपलाच,
एक ऊस उत्पादक सभासद