नानखटाईला नाव का नाही?

दुपारी बाजार थंड असला की मालेगावातील आमच्या दुकानात चहा येतो आणि चहाबरोबर पार्ले-जीचा पुडा फुटतो. गेल्या महिन्यात असाच पुडा फुटला आणि गादीवर बसलेले आम्ही चौघे व्यापारी, सगळे पन्नाशी ओलांडलेले, धंद्याचे बोलणे सोडून लहानपणात शिरलो. मेणकागदाचे ते पिवळे-पांढरे पट्टे, त्यावरची गोबऱ्या गालांची मुलगी, बिस्किट बशीत किती वेळ धरले की तुटून पडते याच्या पैजा. ताप आला की अम्मी दुधात बिस्किटे कालवून भरवायची, असे एकाने सांगितले. आम्ही उर्दू शाळेत शिकलो. इंग्रजी तिथे पाचवीपासून होती, पण त्याआधी इंग्रजीची जी चार अक्षरे ओळखता येत होती ती या पुड्यावरचीच.

ही आठवण गोड आहे, तिची चेष्टा आम्ही करणार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट मनाला लागली, ती बेकरीवाल्या आणि मागवाल्या बांधवांपुढे ठेवावीशी वाटते.

त्या बिस्किटापेक्षा सरस वस्तू आम्ही लहानपणी खाल्ली होती. ईदच्या आधी आठवडाभर घरोघरचे मैदा, रवा, साखर आणि तुपाचे डबे मोहल्ल्यातल्या भट्टीवर जात. (तूप कसले, बहुतेक घरी डालडाच असे, हे कबूल केलेले बरे.) उस्ताद ते मळून, पत्र्यावर गोळे मांडून नानखटाई भाजून देई आणि भाजणावळ घेई. आपला पत्रा दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून आम्ही मुले रात्री उशिरापर्यंत भट्टीपुढे राखण बसत असू. गरम नानखटाई हातात फुटायची, ती घरी पोहोचायच्या आत संपायची.

आता सांगा, त्या भट्टीचे नाव काय? चौघांपैकी एकालाही आठवेना. तिला नाव होते की नाही हेही कुणाला सांगता येईना. "मशिदीमागची भट्टी", बस्स. उस्ताद गेले, जागेवर गाळे निघाले, आणि त्यांच्या मुलांच्या हाती त्या हुनराचे काहीच उरले नाही.

उलट पार्लेचे पाहा. तो कारखाना काढणारे मोहनलाल चौहान मूळचे रेशमाचे व्यापारी, म्हणजे आपल्याच लाइनीतले. जर्मनीला जाऊन गोळ्या-मिठाईची विद्या शिकून आले, यंत्रे आणली आणि १९२९ साली विलेपार्ल्याला काम सुरू केले. बिस्किटे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आली. माल चालू लागला तसे इतरांनीही ग्लुको, ग्लुकोज अशी बिस्किटे काढली. गिऱ्हाईक "ग्लुको द्या" म्हणे आणि दुकानदार हाताला येईल तो पुडा देई. शेवटी १९८२ च्या सुमारास पार्ले ग्लुकोचे पार्ले-जी झाले. आम्ही तेव्हा शाळेत होतो. चव तीच असल्यामुळे आम्हाला फरक कळलाही नाही, पण मालकाला कळला होता. २०१६ साली विलेपार्ल्याचा तो जुना कारखाना बंद झाला, लोकलच्या खिडकीतून येणारा भाजल्या बिस्किटांचा वास गेला, तरी पुडा गल्लोगल्ली मिळतोच आहे.

आपल्या कापडाचे त्या भट्टीसारखेच आहे. मालेगावचा ग्रे कपडा पाली, बालोतऱ्याला जातो, तिथे रंगतो, छापतो आणि तिथल्या शिक्क्याने विकला जातो. रात्रपाळीत जागून कापड विणणारा कोण, हे नेसणाऱ्याला कधीच कळत नाही. मग भाव दलाल ठरवतो, आणि मीटरमागे पाच पैशांसाठी मागवाला त्याच्या दारात उभा राहतो.

यावर कुणी म्हणेल, नाव लावून का भाव वाढतो? नुसते नाव लावून वाढत नाही, उलट डोक्याला ताप होतो. नव्वदच्या दशकात ४ रुपयांना मिळणारा पार्ले-जीचा १०० ग्रॅमचा पुडा २००८ साली ९२.५ ग्रॅमचा झाला, मग ८८ चा, आणि पुढे ५ रुपयांत ५५ ग्रॅमच्या आसपास आला. मैदा-साखर महागली, दर वाढवला तर गरीब गिऱ्हाईक तुटते, कंपनीची अडचण आम्ही समजू शकतो. पण लोक ग्रॅम मोजतात आणि नाव घेऊन बोलतात. बिननावाच्या मालाला हे ऐकावे लागत नाही. तिथेच आपण लपून बसलो आहोत.

आम्हीही लपलो. १९९८ साली आम्ही हौसेने लुंगीवर आमच्या नावाचे लेबल लावले होते. एका हंगामात एका कारखानदाराकडून आलेल्या गाठी मापाला कमी निघाल्या, दोन मीटरच्या लुंगीत चार-चार बोटे कमी. पुरवठादार कोण हे गिऱ्हाइकाला काय ठाऊक! खेड्यापाड्यातून लुंग्या परत आल्या त्या आमच्या नावावर. सगळ्या बदलून दिल्या, वर्षाचा नफा गेला. खरे तर त्यानंतर गाठी फोडून मापून घ्यायची शिस्त लावायला हवी होती. आम्ही लेबलच बंद केले आणि पुन्हा दुसऱ्याच्या शिक्क्याचा माल विकू लागलो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ आम्ही याला शहाणपण म्हणत होतो. ती भीती होती.

आज ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत भरता येतो. नोंदणी दहा वर्षे चालते, पुढे नूतनीकरण होते. कापड २४ व्या वर्गात येते, तयार कपडे २५ व्या, आणि बिस्किटे, नानखटाई, पाव ३० व्या. वकिलाची फी वेगळी, ती घासाघीस करून ठरवावी. ज्या बेकरीवाल्यांकडे आजही दोन-तीन पिढ्यांचा हात आहे, त्यांनी निदान खोक्यावर नाव, वजन आणि तारीख छापायला सुरुवात करावी.

आमच्या मुलाने या महिन्यात लुंगीसाठी अर्ज भरला आहे. मंजुरी येईपर्यंत नाव बाहेर सांगू नका, असे वकील म्हणतो, म्हणून इथे लिहीत नाही. दुकानात लोखंडी गज आणून ठेवला आहे. आलेली प्रत्येक गाठ आता फोडून त्यावर मोजली जाते.